लियांग शानबो नक्की कोणाच्या प्रेमात पडला?

रेशीमकिडा

सध्या चिनी लोककथांचं वेड लागलंय. लियांग शानबो आणि झू यिंगताई यांची गोष्ट बऱ्याच जणांना 'फुलपाखरू झालेले प्रेमी' म्हणून माहीत असेल. चीनमधल्या चार मोठ्या लोककथांमध्ये ती गणली जाते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात:

काळ पूर्व जिन राजवटीचा, म्हणजे चौथ्या शतकाच्या आसपासचा. यिंगताईला शिकायचंय, पण पाठशाळेत मुलींना प्रवेश नाही. बापाला कसंबसं पटवून ती मुलाच्या वेशात हांगचौला निघते. वाटेत शानबो भेटतो, दोघांचं जमतं आणि ते एकमेकांना भाऊ मानून घेतात. पुढची तीन वर्षं एकत्र अभ्यास आणि एकाच खोलीत झोपणं. काही रूपांत तर एकाच बिछान्यावर, मध्ये पाण्यानं भरलेलं भांडं. सांडेल म्हणून तो कूस बदलत नाही. इतकं होऊनही पठ्ठ्याला पत्ता नाही.

मग तिला घरून बोलावणं येतं. तो तिला अठरा लि (लि म्हणजे अंतराचं चिनी माप) चालत सोडायला जातो आणि वाटभर ती खुणा करत राहते. पाण्यातली जोडीनं पोहणारी बदकं दाखव, विहिरीत दोघांची प्रतिबिंबं दाखवून 'एक पुरुष, एक स्त्री' म्हण. तो चिडतो, की मला बाई कशाला म्हणतोस! शेवटी ती त्याला क्वानयिन देवीच्या देवळात नेते, म्हणते, देवीला मध्यस्थ करू आणि इथंच लग्नाचे नमस्कार घालू. तो म्हणतो, काहीतरीच काय, दोन पुरुषांचं लग्न कसं लागेल?

हताश होऊन ती सांगते, माझी एक धाकटी बहीण आहे, नववी, तिच्याशी लग्न करशील का? तो विचारतो, ती तुझ्यासारखी दिसते का? ती म्हणते, आम्ही जुळी आहोत, हुबेहूब माझ्यासारखी. गडी खूश, लगेच होकार.

पुढचं सगळं रडगाणं आहे. तो उशिरा पोचतो, तोवर तिचं लग्न मा घराण्यात ठरलेलं असतं. तो झुरून मरतो. तिची वरात त्याच्या थडग्यावरून जाताना वादळ येतं, थडगं दुभंगतं, ती आत उडी घेते आणि दोन फुलपाखरं बाहेर पडतात.

माझा प्रश्न साधा आहे. त्याला खरं कळेपर्यंतच्या तीन वर्षांत दोघांत जे होतं, ते काय होतं? सगळे म्हणतात शानबो भोळा सांब. मला ते पटत नाही. ज्याला 'ती तुझ्यासारखी दिसते का' हा एकच प्रश्न सुचतो, तो काही इतका भोळा नसावा.

हणमा_पैलवान

पाण्याचं भांडं तीन वर्षं सांडलं नाही? आमच्याकडे तांब्या रात्रभर राहत नाही. 😄

साळसूद

धागा चांगला आहे, पण पुन्हा तेच. दोन मित्र दिसले की लगेच हे. मैत्री नावाची गोष्ट जगातून संपली का?

निळीशाई

साळसूद, मुद्दा अगदीच गैरलागू नाही, फक्त उलट बाजूनं बघा. कन्फ्यूशियसच्या परंपरेत पाच नाती मानतात: राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ आणि मित्र-मित्र. पहिल्या चारांत एक वर, एक खाली. बरोबरीचं नातं एकच, मैत्रीचं, आणि तेही गृहीत धरलंय पुरुषांमध्ये.

यिंगताईला विद्या तर हवीच होती, पण ती विद्या ज्या नात्यात मिळते तेही तिला मिळालं. शानबोची बायको म्हणून ती कधीच त्याच्या शेजारी बसून वाद घालू शकली नसती. पुरुषाच्या वेशात तीन वर्षं घातला. मला तर वाटतं गोष्टीतलं खरं सुख त्या तीन वर्षांतच आहे. ती बाईच्या कपड्यांत त्याच्यासमोर येते तेव्हापासून गोष्टीत नुसती ताटातूट आणि मरण.

प्राजक्ता_देशावर

+१ निळीशाई. शेवटचं वाक्य फार आवडलं.

साळसूद

ठीक. पण माझा आक्षेप वेगळा आहे, नीट मांडतो. चिनी लोकांना पुरुषा-पुरुषांतलं प्रेम सांगायचं असतं तेव्हा ते सरळ सांगतात. हान घराण्यातला सम्राट अई आणि त्याचा लाडका डोंग शिएन. दुपारी दोघं झोपलेले, सम्राटाच्या बाहीवर डोंगचं डोकं. उठायची वेळ झाली तेव्हा त्याची झोप मोडू नये म्हणून सम्राटानं बाहीच कापली. तिथल्या वाङ्मयात 'कापलेली बाही' म्हटलं की कळायचं ते कळतं. त्याआधीची वेई राज्यातली गोष्ट, अर्धं खाल्लेलं पीच. मी-त्सी शिया फळ चावतो, गोड लागतं म्हणून उरलेलं राजाला देतो, राजा कौतुक करतो. पुढे रूप ओसरल्यावर त्याच फळावरून राजा म्हणतो, यानं मला उष्टं खायला घातलं.

म्हणजे हे सगळं उघड लिहून ठेवलेलं असताना फुलपाखरांच्या गोष्टीत काहीतरी दडवून ठेवलंय असं का मानायचं? सांगायचं असतं तर सांगितलं असतं.

तळ्यातमळ्यात

साळसूद यांचा हा धाग्यातला आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा. पण ही दोन्ही उदाहरणं राजा आणि त्याच्या मर्जीतला माणूस अशी आहेत. पीचची गोष्ट सांगणारा तत्त्वज्ञ हान फेई प्रेमाबद्दल बोलतच नाहीये, तो मंत्र्यांना सावध करतोय की धन्याची मर्जी फिरली की कालचा गुण आज गुन्हा होतो. बरोबरीच्या दोघांची गोष्ट हवी असेल तर पान झांगची घ्या. ती सोंग राजवटीच्या काळात (दहावं ते तेरावं शतक) संकलित झालेल्या 'ताईपिंग क्वांगजी'मध्ये आहे. पान झांग देखणा आणि विद्वान. चू देशातला वांग झोंगशिएन त्याची कीर्ती ऐकून भेटायला येतो, एकत्र शिकू म्हणतो, आणि पहिल्या भेटीतच दोघांचं असं जुळतं की नवरा-बायकोसारखे एका उशीवर झोपू लागतात. मरतातही एकदमच. लोक हळहळून दोघांना लुओफू डोंगरावर एकत्र पुरतात. थडग्यावर एक झाड उगवतं आणि त्याच्या फांद्या एकमेकींना मिठी मारतात.

आता ही गोष्ट फुलपाखरांच्या शेजारी ठेवा. एकत्र अभ्यास, एकच उशी, मृत्यू, एक थडगं आणि थडग्यातून निघालेलं काहीतरी जोडीचं. सांगाडा तोच आहे. एकीत वेश उतरतो, दुसरीत उतरवायला काही नाहीच.

साळसूद

हे माहीत नव्हतं. विचार करतो. (पूर्ण पटलं असं नाही.)

घारूअण्णा

आमच्याकडे बालगंधर्वांचे शालू आणि गजरे पाहून घरच्या बायका तशी नेसायला शिकल्या. आजी सांगायची. तेव्हा कोणी असले प्रश्न विचारले नाहीत.

प्राजक्ता_देशावर

अण्णा, विचारले नाहीत की चारचौघांत विचारले नाहीत? 🙂

चीनमध्ये त्याच पिढीत मेई लानफांग होते, स्त्रीभूमिका करणारे. पण या गोष्टीचं गाजलेलं रूप बरोबर उलटं आहे. झेजियांग प्रांतातल्या युए नाट्यप्रकारात, विशेषतः शांघायमध्ये, विसाव्या शतकात सगळ्या बायकाच असलेल्या मंडळ्या आल्या. म्हणजे शानबोही बाई आणि यिंगताईही बाई. यावर रंगीत चित्रपट निघाला त्यातही दोघी अभिनेत्रीच. 1954 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी तो पाश्चात्त्य पाहुण्यांना 'चिनी रोमिओ-ज्युलिएट' म्हणून दाखवला. पडद्यावर दोन बायका प्रेमात व्याकूळ, आणि समोर बसलेले सगळे मुत्सद्दी. 1963 मध्ये हाँगकाँगला पुन्हा चित्रपट झाला, त्यातही शानबो म्हणजे लिंग पो ही अभिनेत्री. तैवानमध्ये तिच्यामागे लोक वेडे झाले होते, त्यात बायका भरपूर.

हणमा_पैलवान

म्हणजे बाई पुरुष झालेली, ती बाई झालेल्या पुरुषाचं सोंग... थांबा, चहा टाकतो.

प्राजक्ता_देशावर

हणमा, दोन कप टाक, अजून गंमत आहे. युए नाटकात एक प्रसंग आहे. शानबोच्या लक्षात येतं की या 'भावाचे' कान टोचलेले आहेत. तो विचारतो. यिंगताई बेधडक सांगते, आमच्या गावच्या जत्रेत दर वर्षी क्वानयिन देवीचं सोंग मीच घेतो, त्याची भोकं. तू अभ्यासात लक्ष घाल, बायकांचा विचार कशाला करतोस? त्यावर शानबो म्हणतो, आता यापुढं क्वानयिनकडे बघायची हिंमत व्हायची नाही.

थांबून बघा काय म्हणाला तो. समोरचा पुरुष आहे यावर त्याचा विश्वास बसलाय, आणि तरीही आता देवीकडे बघितलं की हाच दिसणार म्हणून त्याला संकोच वाटतोय. त्यामुळे रेशीमकिडा, तुझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर म्हणजे ही एक ओळ. त्याला काहीच कळत नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी ही ओळ कुठं बसवायची ते सांगावं.

लेणीभटक्या

आता राहवत नाही, अवांतर करतो. ज्या क्वानयिनवर ही ओळ आहे ती मुळात आपल्याकडून गेलेला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणि बघा, हातात कमळ, मान किंचित कललेली. बोधिसत्त्व, पुरुष. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात तोच संकटात सापडलेल्या प्रवाशांना तारतो. चीनमध्येही सुरुवातीला मिशावाला क्वानयिन दिसतो. साधारण सोंग राजवटीच्या काळापासून तो देवी होत गेला. सद्धर्मपुंडरीक सूत्रात म्हटलंच आहे की ज्याला ज्या रूपाची गरज त्या रूपात तो येतो, त्यात स्त्रीरूपंही आहेत.

म्हणजे यिंगताई सांगतेय की 'मी पुरुष असून देवीचं सोंग घेतो', ती स्वतः बाई, आणि ती देवी पूर्वाश्रमीचा पुरुष. हणमा, तिसरा कप.

निळीशाई

लेणीभटक्या, अवांतर कसलं, हे तर मुद्द्याचंच. क्वानयिनची चिनी जन्मकथाही इथं हवी. राजकन्या म्याओशान लग्नाला साफ नकार देते. बाप छळतो, मठात हाल करवतो, मारायला निघतो. पुढे तोच आजारी पडतो आणि औषधाला कोणाचे तरी डोळे आणि हात लागतात, ते ती देते. हनान प्रांतातल्या शियांगशानची ही कथा 1100 साली तिथं शिलालेखात कोरली गेली.

ही कथा भक्तिभावानं वाचणाऱ्यांत क्वांगतुंगच्या शुंद भागातल्या रेशीम कारखान्यांत काम करणाऱ्या बायका होत्या. स्वतःच्या हातानं केसांचा अंबाडा घालून, देवासमोर शपथ घेऊन लग्न न करण्याचं ठरवणाऱ्या. एरवी हा अंबाडा लग्नाच्या वेळी दुसऱ्यानं घालायचा असतो. स्वतःची कमाई, एकत्र घर, म्हातारपणाची सोय बहिणी-बहिणींनीच करायची. काहीजणींची जोडीनं राहायचीही रीत होती. सगळ्याच प्रेमिका होत्या असं कोणी म्हणू नये, पुष्कळजणींना फक्त सासू आणि बाळंतपणं नको होती. पण लग्नाबाहेर बाईचं आयुष्य असू शकतं एवढं त्यांना त्या कथेतून नक्की मिळालं.

कुर्लीप्रेमी

पांढऱ्या नागिणीची कथा कोणीच कशी काढली नाही? हांगचौचंच पश्चिम सरोवर, तुटका पूल, छत्री, शू शिएन नावाचा बावळट नवरा आणि नागिणीची सखी हिरवी. बौद्ध भिक्षू फाहाई पांढरीला लेईफेंग पॅगोड्याखाली गाडतो. (तो पॅगोडा खरा होता, 1924 मध्ये कोसळला, 2002 मध्ये नवा बांधला.)

सेचुआनच्या नाटकात हिरवी मुळात नाग, म्हणजे नर. पांढरीशी लग्न करायला तिच्याशी लढतो, हरतो आणि तिची दासी होऊन राहतो, बाईच्या रूपात. रंगमंचावर लढाई आली की पुन्हा पुरुष. उलट फेंग मेंगलोंग या लेखकानं 1624 मध्ये छापलेल्या रूपात हिरवी साप नाहीच, सरोवरातला मासा आहे. तेव्हा मूळ कोणतं, हा वाद घालण्यात राम नाही.

शेवट मात्र बघण्यासारखे आहेत. एका शेवटात पांढरीचा मुलगा राजपरीक्षेत पहिला येतो आणि आईला सोडवतो. दुसऱ्यात हिरवी डोंगरात जाऊन तप करते आणि परत येऊन पॅगोडा पाडते. नवरा दोन्हीकडे निरुपयोगी. पहिला शेवट कुटुंबाचा, दुसरा सखीचा. मला विचाराल तर दुसरा.

आणि फाहाई म्हणे शिक्षेच्या भीतीनं खेकड्याच्या कवचात लपला. हांगचौकडे खेकडा फोडून आतला बसलेला भिक्षू दाखवतात. आमच्या मालवणात इतक्या कुर्ल्या फोडल्या, एकही भिक्षू नाही.

हणमा_पैलवान

आधी खाऊन टाकत असाल.

तळ्यातमळ्यात

सखीवरून आठवलं. एवढा वेळ गोड गोड चाललंय म्हणून एक कडू गोष्ट सांगतो. पू सोंगलिंग (1640–1715), शानतुंगचा, जन्मभर मोठी परीक्षा नापास होत राहिलेला मास्तर. त्यानं कोल्हे-भुतांच्या शेकडो गोष्टी लिहिल्या. त्यात 'फेंग सान्यांग' नावाची एक आहे.

फान घराण्यातली अकरावी मुलगी देवळातल्या उत्सवात एका मुलीला भेटते. दोघींना एकमेकींचा हात सोडवत नाही. निघताना अकरावी आपला सोन्याचा आकडा देते, सान्यांग आपल्या केसांतला हिरवा आकडा देते. मग सान्यांग आलीच नाही म्हणून अकरावी आजारी पडते. काही महिन्यांनी ती भिंतीवरून डोकावते आणि चोरून येऊन राहू लागते. एक बिछाना, दिवसभर गप्पा.

पुढे सान्यांगच तिच्यासाठी एक गरीब पण चांगला मुलगा शोधते. बराच गोंधळ होऊन, अगदी मरून जिवंत होऊन, लग्न लागतं. आता अकरावीला वाटतं, सान्यांगनं कायम इथंच राहावं. उपाय काय, तर तिलाही आपल्याच नवऱ्याची बायको करायची. सान्यांग नाही म्हणते. तेव्हा अकरावी तिला दारू पाजते आणि नवऱ्याला आत पाठवते.

शुद्धीवर आल्यावर सान्यांग सांगते की मी कोल्हीण आहे, साधना करत होते, हा नियम मोडला नसता तर स्वर्गात गेले असते. तुझं रूप बघून मोहात पडले आणि स्वतःच स्वतःभोवती जाळं विणलं. एवढं बोलून नाहीशी होते.

दोन बायकांना एकत्र राहायला त्या जगात एकच दार होतं, एका नवऱ्याच्या दोन बायका होण्याचं. ली यूनं याच सुमारास दोन मैत्रिणींवर नाटक लिहिलं, त्यातही तोच तोडगा, तिथं सगळे आनंदात. पू सोंगलिंगनं तोच तोडगा घेतला आणि त्यासाठी काय करावं लागतं ते दाखवलं. त्याला ते किती कळत होतं कोण जाणे. नवऱ्याला तो दोष देत नाही, हे मला खटकतं.

प्राजक्ता_देशावर

हे वाचून सुन्न झाले. अकरावीला ती हवी होती आणि तिनंच हे केलं.

साळसूद

तळ्यातमळ्यात, या गोष्टीत मात्र मला काही शंका नाही. हे प्रेमच आहे, आणि लेखकानं तसंच लिहिलंय.

तैवानी_मोदक

नोकरीनिमित्त तैवानमध्ये असतो, बराच वेळ नुसता वाचत होतो. इथं तैपेईला लागून योंगहं भागात एका गल्लीत ससेदेवाचं छोटं देऊळ आहे, 2006 मध्ये एका ताओ पुरोहितानं सुरू केलेलं. गोष्ट अठराव्या शतकात युआन मेईनं लिहून ठेवली. फूच्येनमधला हू त्येनबाओ एका देखण्या सरकारी अधिकाऱ्यावर भाळतो, त्याच्या मागेमागे फिरतो, चोरून बघताना सापडतो. मार खाऊन कबूल करतो की तुमच्या रूपावर जीव जडला. अधिकारी त्याला मारून टाकतो. महिन्याभरानं तो गावातल्या एकाच्या स्वप्नात येतो: परलोकातले अधिकारी माझ्यावर हसले, चिडले मात्र नाहीत. माझा गुन्हा प्रेमाचा, म्हणून मला ससेदेव नेमलंय, पुरुषा-पुरुषांच्या प्रेमाचा कारभार माझ्याकडे.

मला त्या हसण्याची गंमत वाटते. इहलोकीचा अधिकारी जीव घेतो, परलोकीचे हसून नेमणूकपत्र देतात. फूच्येनमध्ये ही पूजा खरोखर होती, छिंग काळात सरकारनं तिच्यावर बंदीही घातली. मी गेलो तेव्हा दोन मुलं जोडीदार मिळावा म्हणून धूप लावत होती, बाहेर एक स्कूटर सुरू ठेवून तिसरा त्यांना लवकर आटपा म्हणत होता. 2019 पासून इथं समलिंगी विवाह कायदेशीर आहे, तेव्हा देवाकडे कामाचा लोड वाढला असणार.

साळसूद

मूळ प्रश्नावर परत येतो. आधी मी म्हणत होतो की आजच्या काळाची नजर जुन्या गोष्टीवर लादू नका. पण प्राजक्तांनी सांगितलेला चित्रपट शोधताना बघितलं, 1950 मध्ये चीननं नवा विवाह कायदा आणला, आईबापांनी जबरदस्तीनं ठरवलेली लग्नं बंद. त्याच काळात हीच गोष्ट सरंजामशाहीविरोधी म्हणून पुढे केली गेली. म्हणजे सरकारनंही आपली नजर लावलीच होती. तेव्हा रेशीमकिडा यांनी लावली तर माझी तक्रार नाही. माझं मत तरी एवढंच, की शानबोचं प्रेम यिंगताईवर होतं, आणि यिंगताई कोण हे त्यानं ठरवलेलं नव्हतं.

रेशीमकिडा

साळसूद, हे माझ्या मूळ पोस्टपेक्षा चांगलं लिहिलंत! कानाच्या भोकांचा प्रसंग मला माहीत नव्हता. 'तुझ्यासारखी दिसते का' आणि 'आता देवीकडे बघायची हिंमत नाही' ही दोन वाक्यं एकाच माणसाची आहेत हे कळल्यावर तो मला आणखीच आवडायला लागला.

घारूअण्णा

सगळं खरं, पण त्या मा घराण्यातल्या नवऱ्या मुलाचं काय झालं? वरात, वाजंत्री, जेवणावळ, सगळा खर्च बिचाऱ्याचा.

लेणीभटक्या

अण्णा, त्याचीही सोय आहे. काही पोवाडावजा रूपांत तो थेट यमाकडे फिर्याद घेऊन जातो. यम म्हणजे आपलाच यमराज, बौद्ध धर्माबरोबर तिकडं गेलेला. यम वही उघडतो आणि सांगतो की तुझं नाव या पानावर नाहीच, शानबो-यिंगताईचंच आहे. दावा फेटाळला.

घारूअण्णा

आणि खर्च?

हणमा_पैलवान

अपिलात जा म्हणावं.